प्रवाससामग्री पुनर्वसन केंद्र

अहवालरावांना स्वतःवर हसायची सवय होती, आणि ती त्यांनी विचारपूर्वक लावून घेतली होती. आपण आधी हसून घेतलं की दुसऱ्याला हसायला फारसं उरत नाही, असा त्यांचा अनुभव. अर्थात हा अनुभव लग्नाआधीचा. नंतर कितीही हसून घेतलं तरी बायकोपुरतं उरायचंच.

अहवालराव हे नाव ऑफिसातलं. एका मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरीत ते पत्रं, परिपत्रकं आणि अहवाल लिहायचे. साहेबांना ‘नळाला पाणी येत नाही’ एवढंच म्हणायचं असलं तरी अहवालराव त्याचं ‘पाणीपुरवठ्यातील सातत्याच्या अभावाबाबत’ करून द्यायचे. पुढे कंपनीने तो विभागच बंद केला. बंद करण्याचं परिपत्रकही अहवालरावांनीच लिहिलं, आणि इतकं नटवून लिहिलं की आपली नोकरी गेली हे दोघातिघांना ते वाचूनही कळलं नाही. बिचारे दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर आले. हा किस्सा अहवालराव सगळ्यांना स्वतःच सांगायचे. त्या डबेवाल्यांत आपणही होतो, हे मात्र सांगायचे नाहीत.

नोकरी गेल्यावर त्यांना आपल्या मामांची आठवण झाली. मामांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या अहवालरावांनी तिथे काढल्या होत्या. चेनचा रनर बदलणं, चाक काढून नवं बसवणं, अडकलेला ट्रॉलीचा दांडा सोडवणं, दाभणाने जाड पट्टा शिवणं हे सगळं त्यांच्या हाताला येत होतं. मामा आता थकले होते. त्यांचं जुनं शिलाईमशीन आणि पकडी उचलून अहवालरावांनी एका इमारतीच्या मागच्या बोळात, जिन्याखाली, गाळा घेतला. शेजारी इस्त्रीवाला. समोर भिंत. बोळ असा की शेजारच्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाही तो आहे हे ठाऊक नव्हतं.

पण गाळ्यात बसल्यावर एक वेगळीच गोष्ट झाली. आयुष्यभर लिहिलेल्या कागदांनी जगात काही हललं का, हे अहवालरावांनी कधी पाहिलं नव्हतं. इथे मात्र अडून बसलेली चेन पकडीने जरा दाबली, वर मेण फिरवलं, की खर्रकन बंद व्हायची. मग ते ती पुन्हा उघडायचे आणि पुन्हा बंद करायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी करायचे. त्यांना इतका आनंद कुठल्याच परिपत्रकाने दिला नव्हता. हे दुकान सुटलं तर आपण मोडून जाऊ, हे त्यांना आतून पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते त्याची सर्वांत जास्त थट्टा करायचे.

अडचण एवढीच होती की गिऱ्हाईक नव्हतं. घर बायकोच्या पगारावर चाललं होतं. ती एका विमा कंपनीच्या ऑफिसात होती. तिने कधी कुरकुर केली नाही, पण तिच्या धाकट्या भावाने ते काम आपणहून अंगावर घेतलं. त्याचं फरश्यांचं मोठं गोदाम होतं. तो दर भेटीत म्हणायचा, “भाऊजी, माझ्याकडे पत्रव्यवहाराला माणूस हवाय. खुर्ची आहे, पंखा आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसरा बघतो.” गाळ्याचा करारही नेमका महिनाअखेर संपत होता. मालक म्हातारे होते, बोलायला गोड, पण उत्तर त्यांना वेळेवर हवं होतं. ठेवायचं की सोडायचं, तेवढं सांगा, म्हणाले.

तेव्हा अहवालरावांनी ठरवलं की बोळात बसून जमणार नाही, आता इंटरनेटवर बसायचं. हल्ली माणसं शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात. फोनने आपलं नाव सांगितलं की झालं. त्यांनी व्हिडिओ बघून बघून स्वतःच वेबसाइट बनवली. व्हिडिओतला तरुण दर दोन वाक्यांनंतर ‘मित्रांनो’ म्हणायचा आणि सांगायचा, मजकूर दर्जेदार हवा. अहवालरावांना हसू आलं. दर्जेदार मजकुराचं काय घेऊन बसलास मित्रा, त्यांनी मनात म्हटलं, त्यातच हयात गेली.

दुकानाचं नाव त्यांनी ठेवलं, ‘प्रवाससामग्री पुनर्वसन व नूतनीकरण केंद्र’. खाली लिहिलं, ‘आमच्या येथे प्रवासोपयोगी सामग्रीच्या सर्व प्रकारच्या यांत्रिक तथा संरचनात्मक त्रुटींचे निराकरण समाधानकारकरीत्या करण्यात येते.’ अशी सहा पानं. सबंध मजकुरात ‘बॅग’ हा शब्द एकदाही नव्हता. तो त्यांना फार उघडाबोडका वाटला होता. ‘चेन’ तर त्यांनी विचारातच घेतली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

बायकोने पहिल्या दिवशी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर तिने फोन त्यांना परत दिला.

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“मोठं आहे,” ती म्हणाली. “आणि तुम्ही खूश दिसताय.”

अहवालरावांनी दोन्ही गोष्टी कौतुक म्हणून घेतल्या.

आता वेबसाइट सर्चमध्ये वर यायला हवी होती. अहवालराव रोज सकाळी गाळा उघडला की पहिलं काम हेच करायचे. फोनवर आपल्या दुकानाचं पूर्ण नाव टाकायचं, खाली खाली जात आपली वेबसाइट शोधायची, सापडली की उघडायची, सगळी पानं मन लावून वाचायची. दुपारी पुन्हा, संध्याकाळी जाताना पुन्हा. सुरुवातीला ती कुठेतरी तळाशी असायची. मग ती वर सरकायला लागली, आणि एके दिवशी सकाळी त्यांनी नाव टाकलं तर सगळ्यांत वर! पहिल्या पानावर, पहिली! त्यांनी डोळे चोळले, फोन बंद करून चालू केला, पुन्हा बघितलं. तरी पहिलीच.

ते उठून शेजारी गेले. “पहिला नंबर आला,” इस्त्रीवाल्याला म्हणाले.

“कुणाचा?”

“आपला. साऱ्या जगात.”

इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि हात मिळवला. बातमी मोठी वाटली, पण गिऱ्हाईक कसं काय दिसत नाही, असं काही तो बोलला नाही. चांगला माणूस होता.

त्यांचा स्वतःचा फोन सोडून वेबसाइटवर किती माणसं येऊन गेली याचा एक आलेखही दिसायचा. सुरुवातीला ती रेघ मेल्यासारखी आडवी पडलेली होती. मग तीही उठली. ऑफिसं उघडायच्या सुमाराला रोज पाहुणे यायचे, जेवणाच्या सुट्टीत आणखी यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी कोणी फिरकायचं नाही. अहवालरावांनी त्यातून शास्त्रोक्त निष्कर्ष काढला की आपला मजकूर नोकरदार, सुशिक्षित वर्गात वाचला जात आहे. लोक वाचतायत, विचार करतायत, मग येतील. मोठे निर्णय लोक घाईने घेत नाहीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चाक बदलणं हा तसा मोठाच निर्णय होता.

‘मित्रांनो’वाल्याने सांगितलं होतं की लोकांनी अभिप्राय लिहिले की वेबसाइट आणखी वर जाते. अहवालरावांनी सासूबाईंना विनंती केली. सासूबाईंनी पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘जावई स्वभावाने चांगले आहेत. वेळेवर जेवतात. बॅगेचं मला माहीत नाही.’ सगळ्या वेबसाइटवर बॅग हा शब्द आला तो तेवढाच. अहवालरावांना तो अभिप्राय जरा अनौपचारिक वाटला, पण सासूबाईंना दुरुस्त करून लिहा म्हणायची छाती झाली नाही.

महिना निम्मा सरला तसा एका सुट्टीच्या सकाळी मेहुणा घरी आला. बायकोने चहा टाकला. मेहुण्याने गोदामातल्या खुर्चीचा विषय काढताच अहवालरावांनी त्याला हाताने थांबवलं.

“खुर्चीचं राहू दे. आमचा पहिला नंबर आलाय. मालकांना परवा होकार कळवणार आहे. पुढच्या सबंध वर्षाचा.”

“पहिला? कशात?”

“सर्चमध्ये. हा घे फोन, बघ.”

मेहुण्याने त्यांचा फोन घेतला नाही. खिशातून स्वतःचा काढला. “सांगा काय टाकू.”

अहवालरावांनी नाव सांगितलं. ते टाइप करता करता मेहुण्याचा अर्धा चहा झाला. मग तो स्क्रीनकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

“भाऊजी, इथे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं ऑफिस येतंय.”

“खाली बघ.”

“खाली व्यसनमुक्ती केंद्र आहे. दोन आहेत. एकात राहायची सोय आहे म्हणे.” तो बोट फिरवत राहिला. “जुन्या घरांच्या नूतनीकरणाचे कंत्राटदार आहेत. आता फर्निचर आलं. भाऊजी, तुम्ही नाही.”

अहवालरावांनी आपल्या फोनवर तेच नाव टाकलं. पहिला नंबर! त्यांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. एका फोनवर ते साऱ्या जगात पहिले होते, आणि दुसऱ्या फोनच्या जगात ते जन्मालाच आले नव्हते.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “तुम्ही रोज तीन तीन वेळा तेच शोधता, तेच उघडता. फोनला तुमची आवड कळलीय. तो तुमच्यापुढे तुमचंच वाढतो.”

“म्हणजे मी माझ्यासाठी पहिला आलो?”

“हो.”

“शर्यतीत किती जण होते?”

“तुम्हीच.”

मेहुण्याने खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरायला माणूस बघतो तसं. अहवालरावांनी स्वतःच आधी हसून घेतलं. मग त्यांना आलेख आठवला.

“थांबा, थांबा. माझं जाऊ दे. पण बाकीचे? रोज ऑफिसच्या वेळेत इतके पाहुणे येतात, ते तर मी नाही ना? ते अनोळखी आहेत. तो सुशिक्षित वर्ग...”

बायकोने कप उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं, हे अहवालरावांना दिसलं. तिच्या भावालाही दिसलं.

“ते आमच्या ऑफिसातले आहेत,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं सगळ्यांना. रोज एकदा उघडा म्हणून. जमलं तर जेवणाच्या सुट्टीतही. ती रेघ आडवी होती ना, तुम्ही तिच्याकडे बघत बसायचात. मला बघवायचं नाही.”

अहवालरावांना आधी राग आला. मग वाटलं, कोणावर? बायकोने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं खरं, पण शिडी त्यांनी स्वतःच आणली होती, रंग देऊन.

“तुला माहीत होतं? मजकूर वाईट आहे हे?”

“पहिल्याच दिवशी. पण तुम्ही कितीतरी दिवसांनी हसत होतात. स्वतःला नाही, नुसतेच हसत होतात.”

अहवालरावांनी आपला रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

“बरं,” शेवटी ते म्हणाले, “ऑफिसातल्या माणसांनी एवढे दिवस वाचलं. कोणी काही म्हणालं?”

“परवा वसुली विभागातल्या बाई म्हणाल्या.”

“काय?”

“म्हणाल्या, रोज उघडते हो मी तुमच्यासाठी, पण तुमचे मिस्टर नक्की करतात काय?”

मेहुणा आता मात्र हसला. बायको हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच उमटत होतं.

“अहो, त्या बाईंच्या पर्सची चेन गेलीय. केव्हाची सेफ्टी पिन लावून फिरतात. आणि आमच्या शिपायाकडे ट्रॉलीची बॅग आहे, ती तो डोक्यावर घेऊन गावाला जातो. लॅपटॉपच्या बॅगा तर सगळ्यांच्याच फाटल्यात. मी त्यांच्यात रोज बसते आणि मला सांगायचं सुचलं नाही. ओळखीच्यांकडे काम मागायची लाज वाटली, म्हणून नुसतं उघडा म्हटलं. मला वाटलं, उघडलं की कळेलच.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसेही डझनभर होते. तुटक्या बॅगा घेतलेली डझनभर माणसं रोज अहवालरावांच्या दारात येऊन, सहा पानं बघून, सेफ्टी पिन घट्ट करून परत जात होती. आपण दुरुस्तीचं दुकान काढलं आणि ते दुरुस्तीचं आहे हे सोडून सगळं लिहिलं, हे अहवालरावांच्या लक्षात आलं, आणि त्यांना ते डबा घेऊन आलेले सहकारी आठवले. आपल्याला नोकरी गेल्याचंही कळलं नव्हतं, तर गिऱ्हाइकाला चाकाचं कसं कळावं?

“मग खुर्ची?” मेहुण्याने विचारलं. त्याने ते वाईट बुद्धीने विचारलं नव्हतं.

“महिना संपला नाही अजून,” बायको म्हणाली. “आणि दादा, मी सांगते ऐक. ऑफिसातल्या बॅगा मी उद्याच पाठवते यांच्याकडे. पण त्या मी हिशेबात धरणार नाही. उपकारावर दुकान चालत नाही. आपण कोण हे ज्याला माहीत नाही असा एक तरी माणूस, फोनवर शोधून, स्वतःच्या पायाने आला तर ठेवू. नाही आला तर मीच मालकांना नाही म्हणून सांगेन.”

अहवालरावांनी मान हलवली. धाकट्या भावाला ती लाडाने दादा म्हणायची, पण एकदा ठरवल्यावर तिच्यापुढे त्या दादाचं चालत नव्हतं, तिथे यांचं काय चालणार?

दुसऱ्या दिवसापासून अहवालराव वेगळंच काम करायला लागले. गाळ्यात जो येईल तो काय बोलतो, ते नीट ऐकायचं. ऑफिसातल्या बॅगा येऊ लागल्या होत्या, अधूनमधून इस्त्रीचे कपडे न्यायला आलेला एखादा वळायचा. वसुलीच्या बाई म्हणाल्या, “चेन पुढून बंद होते आणि मागून उघडत जाते.” शिपाई म्हणाला, “चाक असं ओरडतं की स्टेशनावर लोक बाजूला होतात.” कोणी म्हणालं, “दांडा वर आला, आता खालीच जाईना. बॅग कशात घालू?” ‘संरचनात्मक त्रुटी’ असं कोणी म्हणालं नाही. अहवालरावांनी प्रामाणिकपणे वाट पाहिली, पण कोणीच म्हणालं नाही.

आणि एक वाक्य मात्र प्रत्येक जण म्हणायचा. बॅग टेबलावर ठेवायचा, जरा ओशाळल्यासारखा तिच्याकडे बघायचा, आणि विचारायचा, “होईल का हो, की टाकून देऊ?”

अहवालरावांनी जुनी सहाच्या सहा पानं पुसली. पुसताना ‘समाधानकारकरीत्या’पाशी त्यांचा हात थोडा थांबला. हा शब्द त्यांचा लाडका होता. मग त्यांनी बायकोला हाक मारली आणि म्हणाले, “हा तू पूस.” तिने पुसला. तिच्या समोर बसून त्यांनी नवीन मजकूर लिहिला. चेन मागून उघडते? चाक ओरडतं? दांडा अडकलाय? अशा गिऱ्हाइकांच्याच तक्रारी, त्यांच्याच शब्दांत, प्रत्येक तक्रारीखाली तुटक्या बॅगेचा फोटो आणि शेजारी दुरुस्त झाल्याचा. मथळा झाला ‘बॅग दुरुस्ती’. फोन नंबर मोठा टाकला. मग सगळ्यात खाली अहवालरावांनी लिहिलं, ‘निरुपयोगी सामग्रीच्या विल्हेवाटीबाबत निर्णय घेण्यापूर्वी आमचा सल्ला घेणे हितावह ठरेल.’

बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

त्यांनी ते खोडलं. लिहिलं, ‘बॅग टाकून देऊ का? टाकण्याआधी एकदा आणून दाखवा. टाकायच्याच लायकीची असेल तर तसं सांगू.’

“हं,” बायको म्हणाली, आणि स्वयंपाकाला गेली. एवढ्या वर्षांत त्यांच्या लिखाणाला मिळालेला हा सर्वोत्तम अभिप्राय होता, सासूबाईंचा धरूनही.

मग वाट बघणं आलं. आपल्या फोनवर शोधायची त्यांना मनाई होती. ते इस्त्रीवाल्याचा फोन मागून त्यावर ‘बॅग दुरुस्ती’ टाकायचे. इस्त्रीवाल्याच्या फोनवर ते आधी कुठेच नव्हते, मग तिसऱ्या पानावर दिसले, मग काही दिवसांनी दुसऱ्या पानाच्या तळाशी. पण वेबसाइट न उघडता लगेच फोन परत द्यायचा, असा त्यांनी स्वतःला नियम घातला. सवयीने बोट पुढे जायचं, ते दुसऱ्या हाताने धरावं लागायचं. ऑफिसातल्यांनाही बायकोने बंदी केली होती. त्यामुळे आलेखाची रेघ पुन्हा आडवी झाली. या वेळी ती खोटं तरी बोलत नव्हती. मधूनच एखादं टेंगूळ यायचं तिच्यावर, छोटंसं. ते कोणाचं, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. अनोळखी माणूस आला नव्हता. बायकोने दुपारनंतरची रजा घेतली आणि ती गाळ्यात येऊन बसली. थोड्या वेळाने मालकही आले. स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरली, आणि घाई नसल्यासारखं म्हणाले, “मग काय ठरलं?”

अहवालराव वसुलीच्या बाईंच्या दुसऱ्या पर्सला रनर लावत होते. शेवटचाच असेल, असं मनात येत होतं. डोक्यात वाक्यं आपोआप जुळायला लागली. सदर गाळा अपरिहार्य कारणास्तव रिक्त करण्यात येत असून. त्यांना स्वतःचीच चीड आली. आतडी तुटत असताना यांना ‘अपरिहार्य कारणास्तव’ सुचत होतं. रनर बसला. त्यांनी चेन ओढली, ती खर्रकन बंद झाली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान आणखी खाली घातली.

बायकोने ते बघितलं. ती मालकांकडे वळली. बोलायला तिने तोंड उघडलं, आणि टेबलावरचा फोन वाजला.

“हॅलो, बॅग दुरुस्तीवाले ना?” एका बाईचा आवाज आला, वैतागलेला. “अहो, मी केव्हाची फिरतेय इथे. फोन म्हणतो पोचलात. कुठे पोचले ते सांगत नाही. दुकान कुठाय तुमचं?”

“तुम्हाला कोणी पाठवलं? ऑफिसातून आलात?” अहवालरावांनी विचारलं.

“कुठलं ऑफिस? फोनवर शोधून आले. येऊ की जाऊ?”

“हलू नका!” अहवालराव ओरडले, आणि पक्कड हातात घेऊनच धावले.

रस्त्यावर, बोळाच्या तोंडापासून चार पावलं पुढे, एक बाई मोठी निळी बॅग दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. बॅगेचं एक चाक गायब होतं. जिथे ती उभी होती तिथून बोळ दिसत नव्हता, गाळा दिसत नव्हता, पाटी नव्हती, काही नव्हतं. साऱ्या इंटरनेटवर आपण दिसावं म्हणून महिनाभर जिवाचा आटापिटा केला, आणि बोळाच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा एक तुकडा लावायचं आपल्याला सुचलं नाही, हे अहवालरावांना धावता धावताच कळलं. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला कोपरापासून नमस्कार केला आणि बाईंच्या हातातली बॅग घेतली.

गाळ्यात येऊन बाईंनी श्वास घेतला. “टाकूनच देणार होते. घरात सगळे म्हणतात नवी घे. पण ही माझ्या पहिल्या पगाराची आहे हो. म्हणून फोनवर सहज विचारलं, चाक तुटलं, बॅग टाकून देऊ का? तर तुमचं आलं. आणून दाखवा, टाकायची असेल तर तसं सांगू. वाचून बरं वाटलं. कोणी लिहिलंय ते?”

अहवालराव चाक बसवायला वाकले होते ते तसेच राहिले. हयातभर त्यांनी हजारो पानं लिहिली होती. खाली सही साहेबांची असायची. हे कोणी लिहिलं, असं आजवर एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

“मी,” ते म्हणाले. “म्हणजे बोललं गिऱ्हाईक. खोडलं हिने. उरलं ते मी.”

“होईल का बॅग?”

“होईल.”

मालकांनी काठी आपटली. “ते होईल. माझं काय? ठेवायचं की सोडायचं?”

“यांचे हात गुंतलेत, मी सांगते,” बायको म्हणाली. “ठेवतोय. वर्षभर.”

बाई नवं चाक फिरवत, बॅग ओढत बोळातून गेल्या, तेव्हा अहवालरावांनी हळूच विचारलं, “अगं, एकच तर आली. एकीच्या जिवावर वर्ष?”

“एकच म्हटलं होतं मी,” ती म्हणाली. “आणि अनोळखी होती. ओळखीचे डझनभर रोज येत होते, त्यांनी काय झालं?”

मालक उठून गेले. इस्त्रीवाला हात मिळवायला येऊन गेला. मग बायकोने कोपऱ्यातला एक पुठ्ठा ओढला आणि जाड पेन अहवालरावांच्या हातात दिलं. बोळाच्या तोंडाशी लावायची पाटी करा, म्हणाली, अंधार पडायच्या आत.

अहवालरावांनी टोपण काढलं, पुठ्ठा सरळ केला आणि वळणदार अक्षरात सुरुवात केली, ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’.

बायकोने त्यांच्या हातातून पेन घेतलं, पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला एक मोठा बाण काढला.